उंदरांचं सोवळं

७ जुलै, सोमवार

आधी गजाननाचं नाव, मग हिशेब, आणि उरलेल्या ओळींत मनातलं. ही वही म्हणजे खताच्या दुकानानं फुकट दिलेली गेल्या वर्षीची डायरी. वार जुळत नाहीत, ते खोडून वर खरा वार लिहिते. कोरा कागद वाया घालवायचा नाही.

आजपासून कामाला लागले. आमच्या शिवऱ्याच्या पुढं, कापूरहोळच्या अलीकडं, हायवे सोडून आत टेकडीला लागून उंदरांची संस्था आहे. तिथं उंदरांवर रोगांचा अभ्यास चालतो. शिवानी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, दोन वर्षांपूर्वीच तिथं लागली. दहावी पास बाई पाहिजे होती. तेव्हा सोनिया माझ्या पोटात होती, नाहीतर आधी माझा नंबर. मला दहावीला एकसष्ट टक्के, शिवानीला चोपन्न. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही.

परवा तिथल्या शेफाली मॅडमचा मलाच फोन आला. धुण्याच्या खोलीत एक जागा आहे, याल का म्हणून. माझं नाव त्यांना कुठून कळलं, देव जाणे. संकष्ट्यांचं फळ म्हणायचं.

हे टेम्पो पुसत होते, म्हणाले, "जा की. दोघी जावा एका एसटीनं जाल." आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मात्र सोडलं नाही. "एक सून उंदरं सांभाळती, दुसरी उंदरांची भांडी घासती. आता ह्या घरात मांजर पाळायची सोय न्हाई राहिली."

सोनिया दिवसभर त्यांच्याकडं राहील.

एसटी जाऊन-येऊन, दोन तिकिटं. अंगाचा साबण एक वडी.

११ जुलै, शुक्रवार

कामाची रीत लिहून ठेवते. उंदरांच्या खोल्या आतल्या अंगाला. ती स्वच्छ बाजू. माझी ती मळकी बाजू. मी म्हणत नाही, तशी पाटीच लावलीय. आतले घाण पिंजरे माझ्याकडं येतात. जंतूंच्या खोलीतले असले तर आधी वाफेतून काढून येतात, म्हणून भीती नाही. मी भुसा खरवडून पिवळ्या पिशवीत टाकते, पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या धुते आणि वाफेच्या मोठ्या कपाटात लावते. त्या कपाटाला दोन दारं. एक माझ्याकडं, एक शिवानीकडं. माझं बंद झाल्याशिवाय तिचं उघडत नाही.

भिंतीत बशीएवढी गोल काच आहे. त्यातून शिवानी दिसते. म्हणजे डोळे दिसतात, बाकी सगळी पांढऱ्या कापडात. आज तिनं काचेतून हात हलवला. मी बाटल्यांकडं बघितलं.

आत जायचं तर आधी डोक्यावरून आंघोळ, अंगावरचं सगळं बदलायचं, केस टोपीत, हातमोजे, आणि नंतर कुणाला शिवायचं नाही. ऐकलं आणि हसू आलं. हे आपलं सोवळंच की. सोवळं ह्या घरात माझ्याइतकं कुणाला कळतं? लग्न होऊन आल्यापासून गौरीचा नैवेद्य ओल्या साडीनं मी करते. आणि शिवानी? नैवेद्य दाखवायच्या आधी भजं तोंडात टाकणारी बाई. घरात देवाला सोवळं नाही आणि उंदरांना मात्र आहे. आणि तीच आत, मी बाहेर.

१४ जुलै, सोमवार. संकष्टी

उपास. साबुदाणा घरचाच होता, खर्च नाही.

जेवणाच्या सुट्टीत शेफाली मॅडम माझ्याजवळ बसल्या. पुण्याच्या आहेत, पण बोलणं साधं. मी विचारलं, एवढ्या उंदरांचं करता काय. त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. पोट म्हणजे एक रान. त्यात पहिल्यापासून चांगले जंतू नांदत असतात. ते असले की वाईटाला तिथं मुळं धरता येत नाहीत. म्हणून उंदरांना आधी पाण्यातून औषध देतात, रान मोकळं करतात, मग जुलाबाचे वाईट जंतू सोडतात. ते पोटात घर करतात का, किती दिवस टिकतात, कुणामुळं हटतात, हे रोज लेंड्या तपासून बघायचं. पुढं लहान लेकरांच्या औषधाला उपयोग व्हावा, हा हेतू.

"म्हणजे जागा मोकळी दिसली की नवं येऊन बसतं," मी म्हणाले.

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या.

मला आमचं घर आठवलं. मी पाच वर्षं नांदते, शिवानी तीन. तरी आत्याबाईंच्या पायाला तेल तिनंच लावायचं, ह्यांनी चहा तिच्याच हातचा मागायचा. मी बाळंतपणाला गुंजवण्याला माहेरी गेले, तेवढ्यात रान मोकळं झालं.

देवाच्या वाहनाला आजार देतात हे मनाला बरं वाटलं नाही. चंद्र ढगात होता. अदमासानं अर्घ्य दिलं आणि क्षमा मागितली.

१९ जुलै, शनिवार

सोनिया अंगणात काकूकडं धावली. शिवानीनं दोन्ही हात वर केले, पोलिसानं अडवल्यासारखे, आणि सरळ मोरीत गेली. कोपरापर्यंत साबण, नखांत साबण, बोटांच्या बेचक्यांत साबण. पोर दारात रडत उभी.

मी म्हणाले, "माझी लेक काय विटाळलीय व्हय?"

"तसं न्हाई ओ आक्का."

"मग कसं?"

ती साडी बदलून आली तोवर सोनिया झोपली होती. शिवानी लांब बसून नुसती बघत राहिली. लेकरू नाही तिला, तर माया कुठून येणार? असं लिहू नये, पण आलं मनात ते लिहिलं.

साबण ह्या महिन्यात चार वड्या. त्यातल्या तीन तिच्या नावावर मांडल्या.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

पहाटे उठून पुरणाचे दिंड केले. कामावरून आल्यावर सगळ्यांना गरम वाफवून दिले. शिवानीनं ताट बाजूला सारलं. "जात न्हाई आक्का, राहू द्या."

आत्याबाई म्हणाल्या, "हाटेलात खाऊन आली आसंल. कमावती हाय."

मलाही तेच वाटलं. मागं पण एकदा असंच केलं होतं तिनं, बहुतेक महिन्याच्या शेवटी. त्या दिवशी म्हणे तिथं मोठं काम असतं, मॅडम आणि ती दोघीच असतात, आणि दुसऱ्या दिवशी धुण्याला रिकामे पिंजरे ढिगानं येतात. आजही मॅडमनी मला लवकर सोडलं आणि तिला ठेवून घेतलं. असेल काहीतरी खास. कमावतीनं माझ्या हातच्या पुरणाला नाही म्हणायचं, एवढं शिकली तिथं.

तिचे दिंड ह्यांनी खाल्ले. वाया गेले नाहीत.

५ ऑगस्ट, मंगळवार

शिवानी पुन्हा पुण्याला. कुमारभावजींच्या मोटारसायकलवर. विचारलं तर म्हणते, "ट्रेनिंग हाय." ट्रेनिंगला नवरा कशाला लागतो? आणि बाजाराला म्हणावं तर हातात पिशवी नसते, येताना रिकामीच येते आणि आडवी होते. पगार जातो कुठं? घरखर्चात निम्मे ती देते, ते खरं. पण बाकीचे?

एक गोष्ट मात्र चांगली झाली. शिवानी नसेल तेव्हा आतलं बघायला कुणीतरी तयार पाहिजे म्हणून मॅडम मला शिकवणार आहेत. उद्यापासून. पाचशे ओव्या म्हटल्यासारखं मन हलकं झालं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आत गेले. शिवानीच शिकवायला होती, ते सहन केलं. मला म्हणते, "आक्का, नखं बघू." मी नखं दाखवली. शाळेत गुरुजींना दाखवावी तशी. तिनं एकेक बोट धरून बघितलं आणि म्हणाली, "तुमच्यागत स्वच्छ कुणी न्हाई." खुशामत असणार, किंवा मोठेपणा.

उंदीर काळे, मऊ, नखाएवढे कान आणि मोहरीएवढे डोळे. एका मांडणीवर एका ओळीत सात पिंजरे, अशा पाच ओळी. त्यांचं पाण्यातलं औषध सुरू झालंय. पोट रिकामं करणं चाललंय. पुढच्या आठवड्यात जंतू देणार. मॅडमचा वर्षभरातला मोठा प्रयोग हाच. तो नीट पार पडला की शिवानीला कायम करतील, तसं पत्र तयार आहे म्हणे.

मला दहावीला एकसष्ट होते.

१२ ऑगस्ट, मंगळवार. अंगारकी

काल आणि आज शिवानी रजेवर. काल सगळं शिकवल्याप्रमाणं केलं. आजचं सविस्तर लिहिते.

पहाटे आंघोळ करून गोठ्यामागच्या दूर्वा खुडल्या, एकवीस निवडल्या, तीन पात्यांच्या, कोवळ्या. देव्हाऱ्यातल्या गणपतीला एक जुडी वाहिली आणि एक वेगळी बांधली. आज अंगारकी, आणि मी प्रत्यक्ष वाहनांच्या खोलीत जाणार. असा योग कुणाला येतो? शिवानी दोन वर्षं आत जाते, तिला हे कधी सुचलं असेल?

तिथली आंघोळ केली, कपडे बदलले आणि जुडी वेणीत गजऱ्यासारखी खोवून वर टोपी घातली. माझी आंघोळ दोनदा झालेली, तोंडात पाण्याचा थेंब नाही. याहून कडक सोवळं कुठलं? पिंजरा उघडायचा, नाव घ्यायचं, एक दूर्वा ठेवायची. वरच्या तीन ओळी झाल्या आणि दूर्वा संपल्या. खालच्या दोन ओळींना नुसता नमस्कार केला. उंदरांनी पुढच्या दोन पायांत पातं धरलं आणि टोकाकडून खायला लागले. माणसानं ऊस खावा तसं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पंधरा दिवसांनी गणपती बसायचे. त्याआधी माझी सेवा रुजू झाली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

शिवानी कालपासून कामावर आली. चेहरा उतरलेला, पण कसली तरी चमक होती डोळ्यांत. पुण्याला मजा झालेली दिसते. उंदरांना आज जंतू दिले. मी बाहेर, बाटल्या धुवत.

काचेतून बघितलं तर ती वरच्या ओळीतला पिंजरा हातात घेऊन काहीतरी पुटपुटत होती. उंदरांशी बोलते ही बाई. घरात माझ्याशी बोलत नाही इतकं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

शेफाली मॅडमनी दोघींना ऑफिसात बोलावलं. त्यांच्यापुढं काचेच्या गोल बश्या मांडलेल्या. लेंड्यांतले जंतू त्यांत वाढवतात, ठिपके ठिपके दिसतात. एका रांगेतल्या बश्या सारख्या ठिपक्यांच्या, दुसऱ्या रांगेतल्या रांगोळी विस्कटावी तशा.

मॅडम म्हणाल्या, "खालच्या दोन ओळी ठीक आहेत. वरच्या तीन ओळींत भलतेच जंतू वाढलेत. मातीतले, जनावरांच्या शेणातले. आपण ज्याची मोजदाद करत होतो ते त्यात हरवून गेलंय. एकवीस पिंजरे. बाविसाव्यात काही नाही, नेमके एकवीस. मला याचा अर्थच लागत नाही."

एकवीस म्हटल्यावर शिवानीनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"सुलक्षणाताई, तुम्ही दोन दिवस आत होतात. काही वेगळं केलंत?"

"नाही मॅडम. सगळं सोवळ्यात केलं."

हे खोटं नव्हतं. आंघोळ करून खुडलेली, देवाची दूर्वा. ती घाण कशी असेल? पण गोठ्यामागं शेळ्या बांधतो, हे तेव्हाच का आठवावं?

तेवढ्यात शिवानी म्हणाली, "मॅडम, माझ्याच हातनं झालं आसंल. भुशाची पिशवी वाफंतनं काढायच्या आधी फोडली असंल. माझं ध्यान नव्हतं."

मॅडमनी बश्या बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, "ते एकवीस पिंजरे बाद करावे लागतील. सगळे. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून. आणि शिवानी, तुझं कायमचं पत्र मला थांबवावं लागेल. एक तारखेपासून आत सुलक्षणाताई बघतील."

घरी येताना एसटीत दोघी शेजारी बसलो. ती खिडकीबाहेर बघत होती. मी मनात म्हणत होते, तिचीच चूक असेल. ती स्वतःच म्हणाली ना? पिशवी फोडली असेल तिनं.

मी आत जाणार. गजाननानं दिलं. गोड काहीतरी करावं असं वाटलं, केलं नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज ते पिंजरे बाद झाले. म्हणजे काय ते मला आज कळलं. संध्याकाळी वाफेतून एकवीस रिकामे पिंजरे माझ्याकडं आले. मी धुतले. भुशात हिरवं काही सापडतं का बघितलं. काही नव्हतं.

शिवानी जेवली नाही. आत्याबाई पुन्हा हाटेल म्हणाल्या. मलाही घास जाईना.

२५ ऑगस्ट, सोमवार

संध्याकाळी शेळ्यांना पाला टाकत होते. शिवानी मागून आली. दूर्वांच्या पट्ट्याजवळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आक्का, अंगारकीच्या होत्या न्हव?"

"काय होत्या?"

"एकवीस."

मी पाल्याची पेंढी सोडत राहिले. ती म्हणाली, "मॅडम पुण्याच्या. त्यान्ला एकवीसचं काय कळतंय? मला ऐकल्या ऐकल्या कळलं. टोपीत न्हेल्या व्हय?"

"वेणीत."

ती हसली. खरंच हसली. "तुमी म्हंजे तुमीच बाई. दुसरी कुणी न्हेली आस्ती तर पेरू न्हेला आस्ता."

"तू का सांगितलं न्हाईस? तुझं पत्र गेलं."

तेव्हा तिनं सांगितलं. ट्रेनिंग-बिनिंग काही नव्हतं. दीड वर्ष पुण्याच्या डॉक्टरीणबाईंकडं चाललं होतं, उरलेला पगार सगळा तिकडं. दोनदा राहून गेलं, घरात कुणाला कळू दिलं नाही. ह्या खेपेला राहिलंय. तिला अंदाज आधीच होता, नक्की परवा कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतूंच्या खोलीत आता पाऊल टाकायचं नाही.

"मला तसंबी आत जायाचं न्हाई आता," ती म्हणाली. "बोल लागला तर माझ्या नावाला लागू दे. तुमाला आत जायाचंच होतं. काचंतनं बघायच्या तवा कळायचं की."

कळायचं की. असं म्हणाली.

मी म्हणाले, "आणि ते उंदीर?"

"ते आक्का, सगळेच जात्यात. प्रयोग संपला की बाद. नागपंचमीला बी गेले. त्या दिशी मला जेवान जात न्हाई." मग म्हणाली, "सोनियाला घ्यायला हात शिवशिवत्यात ओ. पन आतलं काय नखाला चिकटून आलं आसलं तर? दोन वर्साचं लेकरू ते."

ती आत गेली. मी शेळ्यांजवळच बसले. माझ्या दूर्वा वाहनांनी खाल्ल्या आणि वाहनं गेली. ती जाणारच होती म्हणे. म्हणजे माझा दोष कमी होतो का? होत नाही.

पण खरं लिहायचं तर डोक्यात हे नंतर आलं. आधी आलं ते वेगळंच. लेकरू राहिलं तेही तिला, मनाचा मोठेपणाही तिचाच, आणि माझी आतली जागा, तीही तिनं ओवाळणीसारखी माझ्या ताटात टाकलेली. एकसष्ट टक्के माझे आणि दान तिचं. आयुष्यभर त्या खोलीत पाय टाकताना हिची मेहेरबानी डोक्यावर. हे मला पचायचं नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार. हरतालिका

उपाशीपोटीच गेले आणि आधी ऑफिसात शिरले. चप्पल बाहेर काढली, का ते कळलं नाही, तिथं कुणी काढत नाही.

"मॅडम, शिवानीनं काही केलं नाही. अंगारकीला मी एकेक दूर्वा ठेवली. एकवीस होत्या, म्हणून एकवीस पिंजरे."

मॅडमना आधी कळेना. मी समजावून सांगितलं, गणपतीला दूर्वा एकवीस का, वाहन कोण, वेणीत कशी नेली. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा लाल होत गेला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही म्हणालात, सगळं सोवळ्यात केलं."

"केलंच होतं मॅडम. माझं सोवळं. तुमचं वेगळं निघालं."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग विचारलं, "ती दूर्वा उगवते कुठं?"

"गोठ्यामागं. शेळ्या असतात."

"उद्या नाही, सुट्टी आहे. परवा थोडी आणा, मुळं आणि मातीसकट, बंद पिशवीत. बश्यांत आलंय ते हेच का, बघायला पाहिजे. आणि आत तुम्हाला आता पाठवता येणार नाही. कधीच. समजतंय ना?"

"समजतंय."

"धुण्याचं काम करायचं असेल तर करा. तुमच्यासारखे पिंजरे कुणी धूत नाही, ते खरं आहे." मग म्हणाल्या, "तुम्हाला माहीत आहे का, तुमचं नाव मला शिवानीनंच दिलं होतं. म्हणाली, आमच्या आक्का माझ्यापेक्षा नेटक्या आहेत, त्यांनी घरात कोंडून राहू नये."

मी मान खाली घालून उभी राहिले. म्हणजे पहिला फोनसुद्धा तिचाच. एकही गोष्ट माझी स्वतःची म्हणून ठेवली नाही ह्या बाईनं.

मळक्या बाजूला जाऊन बाटल्या धुतल्या. काचेपलीकडं शिवानी नव्हती. आज तिनंही मॅडमना आपलं सांगितलं असावं.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

सकाळी दूर्वा खुडायला गेले तर शिवानी आधीच तिथं. म्हणाली, "आक्का, तीन पात्यांची कशी वळखायची?" दाखवली. देवाला काय म्हणावं सुचेना. जुडी वाहिली आणि मोदकांकडं वळले.

मोदकाचं सारण तिनं आज नैवेद्याआधी खाल्लं नाही. वास घेतला फक्त.

१० सप्टेंबर, बुधवार. संकष्टी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधल्या पानांवर नुसता हिशेब आहे.

शिवानीला मॅडमनी ऑफिसात घेतलं. लेंड्यांचे आकडे कॉम्प्युटरवर चढवायचे. बसून काम, वर पंखा, आणि खुर्ची. चाकांची खुर्ची. कायमचं पत्र मिळालं. स्वच्छ बाजूला आता नसरापूरची एक बाई आलीय. तीही काचेतून हात हलवते. मी हलवला.

घरी कळल्यापासून आत्याबाईंचा रंग बदललाय. सकाळची साय शिवानीच्या वाटीत. माझ्या वेळी साय तुपाला लागायची. ह्यांनी टेम्पोतून नारळ आणले, शहाळी. माझ्या वेळी ह्यांना शहाळं कुठं मिळतं तेच ठाऊक नव्हतं. हे लिहून ठेवते, कारण देवापुढं बसले तरी हेच मनात येतं, आणि देवाला माहीत असलेलं वहीत लपवून काय उपयोग.

आज कामावरून आले. शिवानी लवकर आली होती, खाटेवर पाय वर घेऊन बसलेली, सोनिया तिच्या मांडीवर. हल्ली पोर तिला सोडत नाही. मला बघून सोनियानं हात पसरले.

मी दोन्ही हात वर केले आणि सरळ मोरीत गेले. कोपरापर्यंत साबण लावला, नखांत लावला, बोटांच्या बेचक्यांत लावला. साडी बदलली. जंतूंचे पिंजरे वाफेतून निघतात, मला माहीत आहे. तरी पुन्हा एकदा धुतले.

आत्याबाई दारात बसून बघत होत्या. "आता तू बी लागलीस व्हय? कुणाचं सोवळं म्हनायचं हे?"

मी हात पुसले. खाटेजवळ गेले तर शिवानी म्हणाली, "थांबा आक्का. नखं बघू."

मी दहाही बोटं तिच्यापुढं धरली. तिनं एकेक बघितलं, अंगठे उलटे करून बघितले, आणि खाटेवर सरकून मला जागा दिली. पोटावर हात ठेवू दिला. अजून काही लागत नाही हाताला. चंद्रोदय उशिरा होता, तोवर तिघी तशाच बसलो.

साबण दोन वड्या. कुणाच्या नावावर मांडायच्या ते ठरेना. घरखर्चात धरल्या.